जुनी मोटारसायकल घरच्या घरी पुन्हा रस्त्यावर आणताना

जुनी मोटारसायकल हाती आली की बहुतेक जण पहिल्याच रविवारी टाकी उतरवतात आणि कोणता रंग द्यायचा यावर घरात चर्चा सुरू होते. चकचकीत टाकी कपाटावर आणि इंजिन गोणीत, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे पडून असलेल्या गाड्या मी मुंबईतल्या अनेक सोसायट्यांत पाहिल्या आहेत. पैसा किंवा हौस कमी पडल्यामुळे त्या अडलेल्या नसतात, कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी कागद, मग चाके आणि ब्रेक, मग वीज, पेट्रोल व इंजिन, आणि रंग अगदी शेवटी, हा क्रम जो पाळतो त्याची गाडी रस्त्यावर येते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

तो पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे यामाहा आरएक्स १००, येझ्दी, राजदूत आणि ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट यांची घेतली आहेत, कारण मुंबईत घरोघरी उरलेल्या गाड्या बहुधा याच असतात. मी स्वतः १९८४ सालच्या येझ्दीवर शिकलो, परळला चाळीमागच्या बोळात, दीड वर्षाच्या रविवारांमध्ये.

कोणती गाडी घ्यावी

पहिल्या कामासाठी एक सिलिंडरची, सुटे भाग मिळणारी आणि मुख्य म्हणजे पूर्ण गाडी निवडावी. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. तिचे ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन समजायला सोपे आहे आणि भाग सहज मिळतात, मात्र मागणी मोठी असल्यामुळे किंमत चढी असते आणि कागदांत गोंधळ असलेल्या गाड्याही पुष्कळ फिरतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातले उत्पादन १९९६ साली थांबले, तरी येझ्दीचे बहुतेक भाग आजही नव्याने बनवून विकले जातात. बुलेटच्या भागांची तर चिंताच नको. १९८३ साली आलेली दोन सिलिंडरची राजदूत ३५० अनेकांना भुरळ घालते, पण तिचे भाग दुर्मीळ आणि महाग आहेत. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या कामासाठी ठेवावी.

गाडी पूर्ण असण्यावर मी इतका भर देतो, कारण पिस्टन, रिंग, बेअरिंग यांसारखे झिजणारे भाग विकत मिळतात. टूलबॉक्सचे झाकण, मूळ स्पीडोमीटर, हेडलाइटची वाटी, साखळीवरचे आवरण हे न झिजणारे भाग मात्र एकदा हरवले की वर्षभर शोधावे लागतात. इंजिन जाम असलेली पण एकही भाग न हरवलेली गाडी ही, चालू असलेल्या पण निम्मे भाग गायब असलेल्या गाडीपेक्षा नेहमीच चांगली.

पाहायला जाताना दिवसाउजेडी जावे. गाडीच्या मागे दहा पावलांवर बसून दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का ते पाहावे, कारण वाकलेली चेसिस घरी सरळ होत नाही. समुद्राच्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत गंज आधी सीटखाली, मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि मेन स्टँडच्या जोडाजवळ धरतो. तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. वरवरचा लाल गंज घासून जातो, पण पापुद्रे सुटत असतील तर तिथला पत्रा किंवा पाइप पातळ झालेला असतो.

कागद

या टप्प्यात एकही पाना लागत नाही, तरी तो पहिला आहे. चेसिस क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा, इंजिनाचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि दोन्ही आरसी बुकाशी अंकन्‌अंक ताडून पाहावेत. अंक पुन्हा ठोकल्यासारखे किंवा भोवतीची जागा ग्राइंडरने घासल्यासारखी दिसली, तर गाडी कितीही आवडली तरी सोडून द्यावी. नोंदणी अजून चालू आहे का आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर कळते. मालकी हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात; मूळ मालक हयात नसल्यास वारसांना फॉर्म ३१ भरावा लागतो. गाडी ज्या आरटीओ कार्यालयात नोंदलेली आहे तिथली पूर्तता आधी करावी लागते. मुंबईत ताडदेवचा क्रमांक एमएच ०१, अंधेरीचा ०२, वडाळ्याचा ०३ आणि बोरिवलीचा ४७ आहे.

खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून, तपासणी करून घेऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तृतीय पक्ष विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट हेही हवेच. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ सालापासून स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी आहे. तिचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, परंतु अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच ठेवावी.

जागा आणि हत्यारे

मुंबईत गॅरेज कोणाकडे नसते, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमधली सहा फूट बाय आठ फूट जागा आणि घरातले एक कपाट एवढ्यावर काम बसवावे लागते. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवावे, ठोकाठोक दुपारच्या झोपेच्या वेळी करू नये आणि काम संपताना फरशीवर तेलाचा डाग राहू देऊ नये. यावरच पुढच्या रविवारची परवानगी अवलंबून असते. काढलेले इंजिन ऑइल गटारात न ओतता जुन्या कॅनमध्ये साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे. पेट्रोलचे काम मोकळ्या हवेतच करावे. बंद बाल्कनीत, देवघराच्या दिव्याजवळ किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी कार्ब्युरेटर उघडू नये, आणि एबीसी प्रकारचे लहान अग्निशामक हाताशी ठेवावे.

हत्यारे थोडी पण चांगली घ्यावीत. ८ ते २४ मिलिमीटरचे रिंग पाने आणि फिक्स पाने, सॉकेट सेट, हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, फट मोजायचे फिलर गेज, मल्टीमीटर, ठरावीक जोरानेच नट आवळणारा टॉर्क रेंच आणि गाडीप्रमाणे मॅग्नेट व क्लच ओढून काढायचा पुलर एवढ्यावर बहुतेक काम निभते. आरएक्स १०० सारख्या जपानी घडणीच्या गाड्यांचे फुलीच्या खाचेचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरला तंतोतंत बसत नाहीत. टोक घसरते, खाच गोल होते आणि मग स्क्रू ड्रिल करून काढावा लागतो, म्हणून जपानी मापाचा एक स्क्रूड्रायव्हर वेगळा घ्यावा. नट-बोल्ट, बेअरिंग आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, वायर व विजेच्या किरकोळ सामानासाठी लोहार चाळ, जुन्या भागांसाठी चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, असे फिरणे ठरलेले आहे. जाताना जुना भाग सोबत न्यावा. तोंडी मापावर आणलेला भाग निम्म्या वेळा परत करावा लागतो.

गाडीचे मूळ सर्व्हिस मॅन्युअल आणि सुट्या भागांच्या आकृत्यांचे पुस्तक मिळवावे. या लेखात जिथे माप दिलेले नाही तिथे मॅन्युअलचे माप हेच अंतिम समजावे.

उघडताना

एकही नट सैल करण्यापूर्वी गाडी सर्व बाजूंनी धुऊन तिचे शंभरेक फोटो काढावेत: केबल कुठून वळते, वायर कोणत्या बाजूने जाते, वॉशर नटाच्या आत आहे की बाहेर. आज सगळे लक्षात राहील असे वाटते. तीन महिन्यांनी पावसाळ्यानंतर पुन्हा हात लावताना काहीही आठवत नाही.

क्रँककेसच्या झाकणाचे स्क्रू दिसायला सारखे पण लांबीला वेगवेगळे असतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर ॲल्युमिनियमचे आटे फुटतात. यावर जुन्या मेकॅनिक लोकांचा एक उपाय मी आजही वापरतो. खोक्याच्या पुठ्ठ्यावर झाकणाची बाह्यरेषा पेन्सिलने काढायची, किक कुठल्या बाजूला आहे त्याची खूण करायची आणि प्रत्येक स्क्रू निघाला की पुठ्ठ्यावर त्याच जागी भोक पाडून खोचून ठेवायचा. माझ्या येझ्दीच्या क्लच झाकणाचा पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे. त्यावर तेलाचे गोल डाग पडले आहेत आणि कोणत्या डागाशी कोणता स्क्रू हे आजही वाचता येते. बाकीचे भाग झिपच्या पिशव्यांत, आत नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवावेत, कारण पिशवीवर बाहेरून लिहिलेले नाव डिझेलच्या हाताने पुसले जाते.

न निघणाऱ्या नटावर जोर करू नये. वायर ब्रशने आटे साफ करावेत, गंज सोडवणारे तेल टाकावे, रात्रभर थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. इंजिनातले काही नट उलट्या आट्यांचे असतात, त्यामुळे लांब पाइप लावण्यापूर्वी आकृती पाहून दिशा पक्की करावी. आटे गेलेच तर त्या जागी हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घेणे हा कायमचा उपाय आहे. मोठ्या मापाचा बोल्ट ठोकून बसवणे हा नाही.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: सगळी गाडी एकदम उघडू नये. एका वेळी एकच विभाग उघडावा, पूर्ण करावा, जोडावा आणि मगच पुढच्याला हात लावावा.

चाके आणि ब्रेक

टायरची नक्षी खोल दिसली तरी रबर जुने असू शकते. बाजूवर चार अंकी क्रमांक असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. बाजूला बारीक भेगा दिसत असतील तर टायर, ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टी तिन्ही बदलावीत. स्पोकना पान्याने हलकी टिचकी मारत चाक फिरवावे. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, सैल स्पोक बद्द वाजतो आणि कान दोन चाकांत तयार होतो. रिमचा आउट काढणे हे मात्र कसबाचे काम आहे. चाक सोडवून जाणकाराकडे न्यावे. मी माझी दोन्ही चाके लोकलच्या मालडब्यातून नेऊन आणली होती.

ब्रेकचा ड्रम उघडताना आतली काळी धूळ फुंकू नये आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. ब्रेक शू झिजले नसले तरी तेलकट झाले असतील तर बदलावेत. ड्रमच्या आत कडेला पायरी जाणवत असेल तर तो लेथवर फिरवून घ्यावा, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे नव्हे. शू फाकवणारा कॅम सोडवून, साफ करून त्याला अगदी थोडे ग्रीस लावावे. ब्रेक लागत नाही अशी तक्रार असलेल्या जुन्या गाड्यांत हा सुकलेला कॅम आणि आतून गंजलेली केबल हीच कारणे मला वारंवार सापडली आहेत. केबल दुरुस्त करत बसू नये, नवीनच घालावी.

फोर्कचे ऑइल सील, चाकांचे बेअरिंग आणि हँडलखालच्या बेअरिंगच्या गोळ्या याच टप्प्यात पाहून घ्याव्यात. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवताना मध्यभागी खाच लागल्यासारखे अडले, तर गोळ्यांच्या वाट्या गेल्या आहेत.

वीज

जुन्या गाडीत वायरिंगला आधीच्या मालकांनी केलेले जोड असतात, आणि टेप काढत गेले की त्यांचा इतिहास कळतो. थातुरमातुर जोड तपासत बसण्यापेक्षा पूर्ण हार्नेस नवीन घेणे वेळेच्या दृष्टीने स्वस्त पडते. नवीन घालताना तीन गोष्टी पाहाव्यात. बॅटरीजवळ फ्यूज हवा. आर्थिंगच्या जागी चेसिसवरचा रंग घासून उघडा धातू हवा. आणि वायर हँडलपाशी वळते तिथे हँडल दोन्ही टोकांना फिरवले तरी ताण येता कामा नये. दिवे मंद असणे, हॉर्न रडका वाजणे, इंडिकेटर अडखळणे यांचे कारण बल्बमध्ये शोधण्याआधी आर्थिंगमध्ये शोधावे.

स्पार्क तपासण्यासाठी प्लग काढून कॅपमध्ये बसवावा, त्याचा धातूचा भाग सिलिंडर हेडला टेकवावा आणि किक मारावी. प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलची वाफ नसल्याची खात्री आधी करावी. निळसर, टणक ठिणगी हवी. ती पिवळी आणि लुकलुकती असेल तर पॉइंटच्या गाड्यांत (ज्यांत उघडझाप करणारे संपर्क ठिणगी पाडतात) आधी पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून कोऱ्या कागदाने पुसावेत आणि गॅप लावावा. बुलेटसाठी तो ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतो. पॉइंट उघडताना तिथे मोठ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला आहे.

टाकी आणि कार्ब्युरेटर

जुने पेट्रोल काढून टाकीत विजेरीचा प्रकाश टाकावा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. मुंबईच्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी दोन-तीन महिने उभी राहिली तर तळाला पाणी साठून गंज धरतो. साफ करण्यासाठी टाकी आधी साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण घालवावा. मग पेट्रोलची तोटी काढून भोक बुचाने बंद करावे, लिटरमागे साधारण ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घातलेले कोमट पाणी काठोकाठ भरावे आणि एक दिवस ठेवावे. दुसऱ्या दिवशी काळपट पाणी ओतून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लगेच वाळवावे. या ‘लगेच’ला फार महत्त्व आहे: आपल्या दमट हवेत उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. वाळल्यावर थोडे टू-टी ऑइल आत फिरवून ठेवावे. टाकीला भोक असेल तर वेल्डिंग घरी करू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण आत राहिलेली वाफ स्फोटक असते.

कार्ब्युरेटर हा नवशिक्यांना सर्वांत भीती वाटणारा भाग आहे, पण मला त्याच्याइतके समाधान दुसऱ्या कुठल्या कामात मिळत नाही. स्टीलच्या ताटात पांढरे फडके अंथरून त्यावर तो उघडावा, म्हणजे सुटलेली स्प्रिंग घरंगळत जात नाही. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेऱ्या फिरतो ते मोजून लिहून ठेवावे. खालची वाटी उघडली की बहुधा तळाला हिरवट-तपकिरी, वाळलेल्या लाखेसारखा थर दिसतो. ते सुकलेले पेट्रोल असते. फ्लोट कानाजवळ हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की बुडबुडा निघून भोकाची जागाही कळते. मेन जेट आणि पायलट जेट काढून उजेडाकडे धरावेत. मेन जेटमधून प्रकाश सहज दिसतो. पायलट जेटचे भोक टाचणीच्या टोकाहून बारीक असते आणि वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ते हमखास बुजलेले असते. ते स्टीलच्या सुईने कधीही टोचू नये, कारण पितळ मऊ असते आणि भोक मोठे झाले की जेट वाया जातो. साध्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून ती फिरवावी, कार्ब्युरेटर क्लीनर मारावा आणि पुन्हा उजेडाकडे धरावे. तो प्रकाशाचा बारीक, पूर्ण गोल ठिपका दिसला म्हणजे गाडी आयडलिंगवर उभी राहणार.

पेट्रोलचा पाइप, वाटीचे पॅकिंग, नीडल आणि ओ-रिंग नवीन घालावेत आणि इथेनॉल सहन करणारे रबरच मागून घ्यावे. जुन्या प्रकारचे रबर फुगते, मऊ पडते आणि पेट्रोल गळू लागते.

इंजिन

जाम इंजिन उघडण्याआधी प्लगच्या भोकातून गंज सोडवणारे तेल आणि डिझेल सिलिंडरमध्ये सोडून आठवडाभर थांबावे. मग टॉप गिअर टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलवावे. किकवर उभे राहून जोर केल्यास किकचे दातेच मोडतात.

सिलिंडर उघडल्यावर भिंतीवर नख फिरवावे. उभ्या रेघांत नख अडकत असेल तर बोअरिंगशिवाय, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा कापून घेण्याशिवाय, पर्याय नाही. इथे क्रम लक्षात ठेवावा: आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्यावा, मग तो पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही बोअरिंगवाल्याकडे द्यावेत आणि मॅन्युअलमध्ये दिलेला क्लिअरन्स कागदावर लिहून द्यावा. पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात. अगदी लहान माप जे चालेल तेच घ्यावे, म्हणजे पुढच्या वेळेसाठी सिलिंडर शिल्लक राहतो. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधला गॅप फिलर गेजने मोजावा. दर २५ मिलिमीटर बोअरमागे सुमारे ०.१ मिलिमीटर हा ढोबळ नियम आहे. टू-स्ट्रोकमध्ये बोअरिंगनंतर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटांच्या, धारदार कडा मोडून घ्याव्या लागतात, नाहीतर रिंग त्यांत अडकून तुटते. सगळे बोअरिंगवाले हे आपणहून करत नाहीत, म्हणून सिलिंडर हातात घेऊन पोर्टवर बोट फिरवूनच पैसे द्यावेत. पिस्टन बसवताना रिंगचे तोंड खाचेतल्या पिनवर बरोबर बसले पाहिजे, डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे पाहिजे आणि पिन जागेवर धरणारे सर्कलिप नवेच पाहिजेत.

टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचे ऑइल सील दिसायला ठीक असले तरी बदलावेत, हे माझे ठाम मत आहे. कडक झालेल्या सीलमधून बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचे आणि त्याबरोबर ऑइलचे प्रमाण घटते, पिस्टन तापतो आणि नवे बोअरिंग पहिल्याच लांब फेरीत चिकटते. येझ्दी आणि राजदूतमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते. प्रमाण मॅन्युअलमध्ये दिलेले असते. ते १:२५ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, हे मापनळीने मोजावे, अंदाजाने ओतू नये. आरएक्स १०० ला ऑइलचा स्वतंत्र पंप आहे, परंतु बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत त्याच्या नळीत हवा भरलेली असते. पंपातली हवा काढावी आणि तरीही पहिल्या टाकीच्या पेट्रोलमध्ये थोडे ऑइल मिसळावे.

बुलेटसारख्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलचे मार्ग हेच जीवन आहे. माझ्या मामांच्या बुलेटची क्रँककेस आम्ही एका वर्कशॉपमध्ये काचेच्या बारीक मण्यांनी ब्लास्ट करून घेतली. ती आरशासारखी परत आली. ऑइलच्या आतल्या मार्गांत मणी राहिले होते, आणि नवीन बसवलेला बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग) महिनाभरात वाजू लागला. तेव्हापासून बाहेर दिलेला कोणताही भाग जोडण्यापूर्वी मी गरम साबणाच्या पाण्याने, प्रत्येक छिद्रातून ब्रश फिरवून धुतो आणि पांढरे फडके आरपार ओढून ते पांढरेच निघते का ते पाहतो. बुलेटचे टॅपेट (व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली मोकळीक) इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या सर्वांत वरच्या बिंदूवर ठेवून लावावेत: पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही खेळता कामा नये.

पहिल्यांदा चालू करताना गाडी मोकळ्या जागेत उभी करावी, पेट्रोल बंद करायची तोटी कुठे आहे ते सोबतच्या माणसाला दाखवून ठेवावे, आणि गाडी चालू झाली की लगेच एक्सलरेटर पिळू नये.

बदल कोणते करावेत

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून चेसिस कापणे, मागचा भाग छाटणे, वेगळ्या गाडीचे इंजिन बसवणे हे विषय मी नवशिक्यांच्या यादीतून काढूनच टाकतो. रंग बदलल्यास त्याची नोंद आरसीत करून घ्यावी.

मला पटणारे बदल दोन कसोट्यांवर उतरतात: गाडी अधिक सुरक्षित व्हावी, आणि उद्या मूळ भाग परत लावता यावेत. सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टवर नेणे हा त्यांतला सर्वांत उपयोगी बदल आहे, मात्र नुसती बॅटरी बदलून तो होत नाही. चार्जिंगची कॉइल, रेग्युलेटर, इग्निशन कॉइल, हॉर्न आणि सगळे बल्ब बदलावे लागतात. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावावा, १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. जुन्या हेडलाइटच्या वाटीत स्वस्त एलईडी बल्ब घातला तर उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो, त्यापेक्षा चांगला हॅलोजन घ्यावा. आरसे, इंडिकेटर आणि ठळक ब्रेकलाइट जरूर लावावेत. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आतून रिकामा करू नये. त्याची पोकळी इंजिनाच्या श्वासाशी जुळवलेली असते. ती मोडली की खालच्या वेगातला जोर जातो, मिश्रण बिघडते आणि शेजाऱ्यांची झोपही.

रंग

रंगाचे काम ऑक्टोबर ते मे या काळातच करावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत स्प्रे केलेल्या लॅकरवर पांढरी झाक धरते आणि कोटाखाली अडकलेला ओलावा पुढे फोड होऊन वर येतो. जुना रंग काढावा, पोचे पडलेल्या जागी लांबीचा (पुट्टीचा) पातळ थर लावावा, १८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ३२० आणि ६०० पर्यंत घासत जावे, मध्ये प्रायमर मारावा. एवढे घरी करता येते आणि खरा वेळही यातच जातो. वरचा पीयू रंग मात्र बूथ असलेल्या माणसाकडूनच मारून घ्यावा. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासाला घातक असतात आणि साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. चेसिसला पावडर कोटिंग टिकाऊ असते, पण त्याआधी बेअरिंगच्या जागा, आटे आणि चेसिस क्रमांकाची जागा झाकून द्यायला सांगावे; क्रमांक जाड कोटाखाली बुजला तर आरटीओतल्या तपासणीत अडचण होते. नट-बोल्ट वेगळे करून झिंक प्लेटिंगला द्यावेत.

रंगवलेले भाग आठवडाभर न जोडता ठेवावेत. मग पहिली फेरी जवळच्याच रस्त्यावर, सकाळी लवकर, पाने सोबत घेऊन मारावी. परतल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे आणि हेडचे नट, एक्झॉस्टचा नट, दोन्ही चाकांचे ॲक्सल, साखळीचा ताण आणि ब्रेकच्या केबल पुन्हा तपासाव्यात. पहिले पाचशे किलोमीटर पूर्ण एक्सलरेटर देऊ नये आणि एकाच वेगात फार वेळ धरू नये. प्लग मधूनमधून काढून पाहावा. टोक बिस्किटासारखे तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे, काळे आणि ओले असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, आणि पांढरे पडले असेल तर गाडी तिथेच थांबवून हवा कुठून शिरते आहे ते शोधावे.